झुंबरबाईंच्या अंगणातला कॅल्क्युलेटर

सोमवार, २६ मे

आज मी आपल्या तोंडाने संकट ओढवून घेतलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर खापर फोडायची सोय राहणार नाही.

अक्षताच्या फॉर्मचा विषय निघाला होता. अक्षता म्हणजे माझ्या घरमालकीण झुंबरबाई, त्यांची नात. हसनाबादच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे माझ्याच वर्गात होती. दहावीला विज्ञानात शाळेत पहिली आली आणि आता तिला जालन्याच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय. तिचे वडील कल्याणदादा "माय म्हनंल तसं" यापलीकडे बोलत नाहीत. आई शालूवहिनी सासूसमोर तेवढंही बोलत नाहीत. म्हणजे प्रश्न एकट्या झुंबरआजींचा. रान बटाईने कुणाला द्यायचं इथपासून पापडात खार किती घालायचा इथपर्यंत या घरातलं सगळं त्या बाजेवर बसून ठरवतात.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "बाई, ही पोरगी तिथं जाऊन काय शिकंल?"

मी पर्समधला कॅल्क्युलेटर काढून दिला. म्हटलं, "हे असं यंत्र आतून कसं चालतं, ते शिकेल."

त्यांनी तो उलटा केला, कानाशी नेऊन हलवून पाहिला. "कसं चालतंय?"

"सांगायला वेळ लागेल, आजी."

"मला येळच येळ हाय. तुमी समजावून सांगा. मला समजलं तर पोरीला धाडीन. न्हाई समजलं तर न्हाई."

शहाण्या माणसाने इथे काहीतरी हसून विषय बदलला असता. पण इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर मी, सुट्टीतही दहावीचे जादा तास घेणारी मी. एका आजीला कॅल्क्युलेटर समजावणं म्हणजे किस झाड की पत्ती. "दोन दिवसांत समजावते," म्हणाले.

फॉर्मची शेवटची तारीख सोळा जून. अक्षता खूश दिसली नाही. ती आजीला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

मंगळवार, २७ मे

कॅल्क्युलेटर उघडला. आत एक हिरवी पट्टी आणि पट्टीवर काळा, वाळलेला थेंब. बाकी काही नाही.

"हे डांबर हाय," आजी म्हणाल्या.

मी सांगितलं की खरं यंत्र त्या थेंबाच्या खाली आहे, त्याला प्रोसेसर म्हणतात.

"मंग काढा डांबर."

"काढलं तर तुटेल."

"म्हंजे दिसत न्हाई, काढता येत न्हाई, अन तुमी म्हंता हाय. हे तर देवावानी झालं."

मग मी कागदावर चौकोन काढले. हे मेमरीचं घर, इथे हुकूम साठवलेले, तिथून एकेक हुकूम उचलून आणायचा, त्याचा अर्थ लावायचा, तो पार पाडायचा. तिसऱ्या चौकोनाला आजींचा डोळा लागला. मला वाटलं ऊन बाधलं असेल.

कॅल्क्युलेटर परत जोडला. आता सातचं बटण दाबलं तर काहीच उमटत नाही.

गुरुवार, २९ मे

दोन दिवसांची मुदत संपली. माझी फजिती पाहायला शेजारच्या चांगुणाबाईही येऊन बसल्या होत्या. भली बाई आहे. काल त्यांनीच मला वाटीभर आमरस पाठवला होता. मी वाटी लख्ख घासून परत केली, तर त्यांनी ती आतून पाहिली आणि काही न बोलता ठेवून दिली. मी वाटी इतकी घासली होती, तरी बाईचं समाधान नाही.

दुपारी शालूवहिनी धुणं वाळत घालताना बोलत्या झाल्या. त्यांचे धाकटे दीर राधेश्याम पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. "आत्याबाई त्यांना फोनवर इचारायच्या, काय काम करतोस रे दिसभर? तर ते म्हनायचे, माय, तुला न्हाई समजायचं. आधी तास-तास बोलायचे. आता बरी हाईस का, जेवलीस का, संपलं. आत्याबाई फोन झाल्यावर घडीभर तशाच बसून राहत्यात."

मी कॅल्क्युलेटरच्या विवंचनेत, आणि वहिनी दिराच्या गोष्टी सांगताहेत. याचा इथे काय संबंध, कळलं नाही. तरी ऐकून घेतलं.

मात्र संध्याकाळी एक पाहिलं. आजी बाजेवरून सांगत होत्या: "शालू, डबा आन." वहिनी गेल्या, डबा आणला, उभ्या राहिल्या. "दोन मापं पीठ काढ." काढलं. "डबा ठिव." ठेवला. पुढचं काय, हे वहिनी विचारत नाहीत. सांगितलं की करतात. रोज बघते, पण आज पाहताना मी घोट घेता घेता थांबले आणि चहा पदरावर सांडला. कॅल्क्युलेटरच्या आत याहून वेगळं काय चालतं? आण, कर, ठेव, पुढचं. चौकोन काढायची गरजच नाही. माणसं उभी करायची.

अक्षताला सांगितलं. ती लगेच चिंचोक्यांची पिशवी घेऊन आली.

शनिवार, ३१ मे

आज यंत्र मांडलं. दिवस कलल्यावर अक्षताने अंगणात रांगोळीने एका ओळीत घरं आखली आणि त्यांना आकडे दिले. पहिल्या तीन घरांत माझ्या चिठ्ठ्या: "आण चार", "मिळव पाच", "ठेव सहा". चौथ्या आणि पाचव्या घरात चिंचोक्यांच्या वाट्या, सहाव्यात रिकामी वाटी. चिठ्ठीतला आकडा म्हणजे घराचा नंबर. "आण चार" म्हणजे चार चिंचोके नव्हे, तर चौथ्या घरात जे असेल ते. आजींनी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

कामं वाटली. कल्याणदादांचं काम फक्त पुढची चिठ्ठी कुठल्या घरात आहे ते दाखवत उभं राहायचं, आणि चिठ्ठी उचलली की एक घर पुढे सरकायचं. त्यांच्या स्वभावाला हे काम फार शोभलं. अक्षता चिठ्ठी उचलून वाचणार आणि हुकूम देणार. वाट्यांपाशी शालूवहिनी. त्यांनी घरातले चिंचोके मोजायचे आणि तेवढेच पिशवीतून काढून एका पितळी वाटीत द्यायचे. घरातले तसेच राहू द्यायचे, कारण यंत्र वस्तू उचलून आणत नाही, तिची नक्कल आणतं. पितळी वाटीची ने-आण अक्षताची. मी परात घेऊन बसले, बेरीज परातीत.

अक्षताने पहिली चिठ्ठी उचलली, दादा दुसऱ्या घरात. परातीत चिंचोके आले. दुसरी चिठ्ठी, आणखी आले. तिसरी चिठ्ठी, परातीतले सगळे वाटीत भरून सहाव्या घरात गेले. वहिनींनी वाटी तिथे ओतून परत दिली. बेरीज बरोबर. मी टाळी वाजवली.

पण दादा सरकतच होते. चौथ्या घरात गेले. अक्षताने नियमाप्रमाणे तिथली चिंचोक्यांची वाटी उचलली. "मॅडम, हिचा अर्थ काय लावू?" दादा पाचव्या घरात, सहाव्या घरात, मग घरं संपली तरी एकेक पाऊल टाकत थेट गोठ्यात. म्हशीने मान वर करून पाहिलं. "थांब" अशी चिठ्ठी ठेवायची मी विसरले होते, आणि दादांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "पन चिठ्ठी कुठली अन चिंचोका कुठला, हे त्येला कळत न्हाई का?"

"नाही कळत, आजी. जिथे दादा उभे, ते चिठ्ठी समजून उचलायचं. बस."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हा प्रश्न आमच्या अख्ख्या वर्गात कुणी विचारला नव्हता, आणि मी तर नाहीच. मला आनंद झाला. चौथ्या घरात "थांब" ठेवली, वाट्या एकेक घर पुढे सरकवल्या, चिठ्ठ्यांवरचे आकडे अक्षताने दुरुस्त केले. परत केलं. दादा थांबले, बेरीज पुन्हा बरोबर.

आणि मग आजी म्हणतात, "ही सगळी घरचीच मानसं. किती यायला पाह्यजे ते डोळ्यांनी बघून ठरवलं आसल तर मला काय म्हाईत? बाहेरची मानसं घ्या."

मंगळवार, ३ जून

बाहेरची माणसं घेतली. वाट्यांपाशी चांगुणाबाई. परात समोरच्या किराणा दुकानाच्या प्रभावतीकाकूंकडे. त्या दिवसभर गल्ल्यावर बसतात, हिशोबात पक्क्या. ने-आण शालूवहिनींकडे. अक्षता हुकूम देणार, दादा पावलं टाकणार. मी बाजूला उभी राहून नुसतं पाहणार.

पहिली बेरीज बरोबर आली. आजींनी मान डोलावली. मी म्हटलं, आता दुसरी मांडू, एकाने कुणाचं समाधान होत नाही. वाट्यांतले चिंचोके बदलले. दुसरी बेरीज एकाने जास्त आली.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून तिसरी मांडली. तीही एकाने जास्त.

"होतं असं," मी म्हणाले. यंत्रात असं होत नाही हे मला माहीत होतं. आजींनाही माहीत असावं, कारण त्या हसल्या.

गुरुवार, ५ जून

आज परत तेच. पहिली बरोबर, पुढची प्रत्येक एकाने जास्त.

मी चिडले. परातीपाशी जाऊन प्रभावतीकाकूंना पुन्हा मोजायला लावलं. त्यांनी मोजलं. मी म्हटलं, परत. त्यांनी परत मोजलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी परात खाली ठेवली. "म्या काय तुमचा चिंचोका पदराला लावून आनला का? आठवडी बाजाराच्या दिवशी माज्या गल्ल्यात रुपया इकडचा तिकडं होत न्हाई." आणि चपला घालून निघून गेल्या.

मी म्हणाले, अंगणाला उतार आहे, त्यामुळे परातीतले चिंचोके घरंगळत असतील.

"नाचता येईना, अंगन वाकडं," आजी म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते जिव्हारी लागलं. "बाई, तुमचं मशीन एकदा खरं बोलतंय अन दोनदा खोटं. असलं तर मानूसच बरा की. ह्यासाठी पोरगी घराबाहेर धाडू?"

अक्षताने चिंचोके गोळा करून, वाटी घासून ठेवली आणि ती आत गेली. माझ्या उत्साहाचा भुर्दंड तिला बसतोय, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. मी दोन दिवसांत समजावते म्हणाले नसते, तर कदाचित आजींनी सहज हो म्हटलं असतं. वाईट वाटलं. चांगुणाबाईंनी जाताना कुरडयांची पिशवी हातात दिली, ती तळायचीही इच्छा झाली नाही.

शनिवार, ७ जून

सकाळी तास संपवून आले, तर अक्षता दारात उभी. म्हणाली, "मॅडम, पहिला हिशोब कधीच चुकत न्हाई. दुसऱ्यापासून चुकतो. अन चुकतो तो एकानंच. प्रभावतीकाकूंचं मोजणं चुकलं असतं तर कधी दोनानं चुकलं असतं, कधी कमी आलं असतं."

मी म्हटलं, "बरोबर."

"मंग पहिल्या हिशोबातलं काहीतरी दुसऱ्यात शिल्लक राहून राह्यलं."

इतकी वर्षं शिकून हे मला सुचायला हवं होतं. मी तिला म्हटलं, परातीच्या काठाला एखादा चिकटत असेल, परात बदलू. ती "बरं" म्हणाली, पण तिला पटलेलं नव्हतं. तिने विचारलं, एकदा यंत्र तिच्या पद्धतीने चालवायचं का. मी म्हटलं, बघू. का म्हटलं असं, देव जाणे. माझं यंत्र आहे असं वाटत असावं.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. प्रोसेसरचा उपवास. परात, वाट्या, ने-आण, सगळं वडाला गेलं होतं. कल्याणदादा एकटेच अंगणात, रांगोळीच्या पुसट घरांवरून म्हशीला पाणी घेऊन जात होते. एकेका घरात पाऊल टाकत.

सहा दिवस उरले. अक्षताला म्हटलं, उद्या तुझ्या पद्धतीने.

बुधवार, ११ जून

सापडलं. जसं घडलं तसं लिहिते.

प्रभावतीकाकूंना बोलवायला अक्षता स्वतः दुकानात गेली होती. "काकू, तुमचं चुकलं न्हाई हे सगळ्यांना दाखवायलाच बोलावून राह्यले," असं म्हणाली म्हणे. त्या आल्या, मात्र माझ्याकडे न पाहता बसल्या.

अक्षताने नियम सांगितला. एक चिठ्ठी झाली की सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं. ती सगळ्यांच्या हातातलं तपासणार, मगच पुढची चिठ्ठी. स्वतःच्या बापालाही तिने एक पाय उचललेला असताना थांबवलं. आजी बाजेवर पुढे सरकून बसल्या.

"आण पाच." थांबले. परात पाहिली, वाटी पाहिली. ठीक. "मिळव सहा." थांबले. ठीक. "ठेव सात." शालूवहिनी भरलेली वाटी घेऊन गेल्या, चांगुणाबाईंनी ती सातव्या घरात रिती केली आणि परत दिली. वहिनी आल्या.

"आई, वाटी दाखव."

वाटीत एक चिंचोका.

"हा कुठून आला?"

"चांगुणाकाकूंनी घातला," वहिनी म्हणाल्या, अगदी सहज.

"कामून?"

"कामून म्हंजे?" चांगुणाबाई चकित झाल्या. "दुसऱ्याच्या घरची वाटी हाय ती. रिकामी धाडू का?"

मग वहिनी म्हणाल्या, "म्या तर रोजच बघत व्हते." त्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. शेजारच्या भांड्यात काहीतरी घालून परत करायचं, हे काय कुणी सांगायचं असतं? माझी आईसुद्धा चिमूटभर साखर तरी घालते. मला आमरसाची लख्ख घासलेली, ठणठणीत रिकामी वाटी आठवली आणि कान गरम झाले.

मी विचारलं, "मग पहिल्या दिवशी बरोबर कशी आली?"

"तवा वाट्यांपाशी आई व्हती," अक्षता म्हणाली. "घरातल्या घरात कोण घालतंय?"

यावर आजी जे हसल्या, ते ठसका लागेपर्यंत. प्रभावतीकाकू हसल्या, दादा हसले. मी प्रभावतीकाकूंजवळ जाऊन माफी मागितली. "राहू द्या," म्हणाल्या, "पन साखर न्यायला याल तवा म्या मोजून दिल्याली परत मोजू नका."

पण दुरुस्ती राहिलीच होती. चांगुणाबाईंना सांगितलं, आता चिंचोका घालू नका. त्या "बरं" म्हणाल्या. पुढच्या खेपेला वाटी रिती केली, परत देताना हात थबकला, आणि चिंचोका पडलाच. "न्हाई होत हो माज्याच्यानं," म्हणाल्या. बिचाऱ्या खरंच ओशाळल्या.

मी त्यांना उठवून तिथे वहिनींना बसवणार, तेवढ्यात अक्षता म्हणाली, "काकूंना बसू द्या. चिठ्ठी वाढवू." तिने नवी चिठ्ठी लिहिली: "वाटी पालथी कर." ती सगळ्यांच्या आधी, पहिल्या घरात ठेवली. हिशोब सुरू होताना वहिनींनी वाटी पालथी करायची, आत काय आहे ते पाहायचंसुद्धा नाही. चांगुणाबाईंनी मग खुशाल घालावा.

मी म्हटलं, चला, सुरू करा. "थांबा मॅडम," ती म्हणाली. "सगळं एक घर पुढं सरकलं. चिठ्ठ्यांवरचे आकडे बी वाढवावे लागतील. न्हाई तर 'आण पाच' म्हटल्यावर 'थांब'ची चिठ्ठीच उचलून आणतील." बरोबर होतं. माझ्या लक्षातून सुटलं होतं.

मग अंधार पडेपर्यंत हिशोब मांडले. एकही चुकला नाही.

आजी म्हणाल्या, "चांगुणा चुकली न्हाई. मशीनीला शेजार न्हाई, म्हनून त्येला जमतंय." मग अक्षताकडे बघून, "हिनं चांगुणाला उठवलं न्हाई." इतकंच. धाडते की नाही, ते बोलल्याच नाहीत.

शुक्रवार, १३ जून

काल दिवसभर आजी गप्प. मी दोनदा खाकरून पाहिलं. शालूवहिनींनी मात्र काल अक्षताच्या आईला शोभेल असा एक धीटपणा केला, सासूला स्वतःहून म्हणाल्या, "आत्याबाई, पोरगी हुशार हाय." आजींनी "म्हाईत हाय" म्हणून सुपारी कातरली.

आज संध्याकाळी त्यांनी अक्षताला पुण्याला फोन लावायला सांगितला. आवाज मोठा ठेवायला सांगितला, त्यामुळे ऐकू येत होतं.

"माय, बरी आहेस ना? जेवलीस? मी जरा कामात—"

"तुज्या मशीनीत 'थांब'ची चिठ्ठी कोन ठिवतंय?"

मला वाटलं फोन कटला.

"काय म्हणालीस, माय?"

"थांबची चिठ्ठी. ती ठिवली न्हाई तर पुढं-पुढं जात राहतंय न्हवं? तू ठिवतोस का दुसरं कोनी?"

"मीच ठेवतो," राधेश्याम म्हणाले. आवाज बदलला होता. "तुला हे कुणी... मागच्या आठवड्यात माझीच राहिली होती, माय. सगळ्या टीमची झोप उडाली."

"आपला कल्याण गोठ्यात गेल्ता," आजी म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरं, चिठ्ठ्या, परात, चांगुणाबाईंचा चिंचोका. मध्ये "नक्कल" सांगायची राहिली, ती अक्षताने सांगितली. पलीकडून राधेश्याम हसत होते, विचारत होते, स्वतःच्या कामाचं सांगत होते. आजी "बराबर", "अस्सं", "मंग ते कोन बघतंय?" असं म्हणत होत्या. फोन इतका चालला की भाकरी गार झाल्या. एरवी गार भाकरीवरून घर डोक्यावर घेणाऱ्या आजी काही बोलल्या नाहीत, उलट दोन भाकरी जास्त खाल्ल्या. चिंचोक्यांच्या कटकटीतून सुटल्यामुळे असेल.

हात धुऊन त्यांनी कल्याणदादांना विचारलं, "सकाळची जालन्याची पहिली गाडी कवा हाय?"

"साडेसहाला, माय. म्या पोरीला घेऊन जातो, कागदं सगळी काढून ठिवलेत, फोटो बी हायेत." दादांना एका दमात इतकं बोलताना मी प्रथमच ऐकलं. कागदपत्रं त्यांनी कधी काढून ठेवली होती कोण जाणे.

अक्षता आत पळाली. मी अंगणात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाला झाला नव्हता.

शनिवार, १४ जून

मीही दोघांबरोबर जालन्याला गेले. फॉर्म भरला. गाडीत दादा पुन्हा गप्प. बाजारात मी नवा कॅल्क्युलेटर घेतला. याला उघडणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. शाळा सुरू झाली की वहीकडे बघायला होत नाही.

अक्षताचा नंबर लागला, वसतिगृहही मिळालं. आज ती गेली. स्टँडवर पोहोचवायला सगळे आलो होतो. चांगुणाबाई शेवयांचा डबा घेऊन, प्रभावतीकाकू दुकान बंद करून. शालूवहिनी रडत होत्या आणि रडताना सासूच्या खांद्याला टेकल्या होत्या. मलाही रडू आलं. मी ते लपवलं नाही.

आजींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या अक्षताला अटी सांगत होत्या. "दर ऐतवारी फोन करायचा. काय शिकलीस ते मला सांगायचं. मला समजलं न्हाई, तर समजायचं की तुला बी समजलं न्हाई. मंग सोमवारी मास्तरला परत इचारायचं."

गाडी लागली. कल्याणदादांनी पेटी वर टाकली. अक्षता पायरीवर चढली आणि वळली.

"अन आजी, तुला समजलं तर?"

"तर फोन ठिवू नको," आजी म्हणाल्या. "पुढचं सांग."